दूरप्रवासासाठी मोटारसायकलमधील फेरबदल

दूरप्रवासासाठी मोटारसायकलमधील फेरबदल म्हणजे रोजच्या वापराची मोटारसायकल अनेक दिवसांच्या व शेकडो किलोमीटरच्या प्रवासास योग्य व्हावी म्हणून तिची बैठक, सामान वाहण्याची सोय, सस्पेन्शन, दिवे, टायर इत्यादींमध्ये केलेले बदल होत. चॉपर किंवा कॅफे रेसर या प्रकारांत गाडीचे रूप बदलणे हा हेतू असतो; येथे चालकाचा थकवा कमी करणे, वाढीव भार सुरक्षितपणे वाहणे आणि वाटेतील बिघाड टाळणे हे हेतू असतात. महाराष्ट्रात अशा फेरबदलांचे महत्त्वाचे केंद्र पुणे, पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा असून तेथून निघणाऱ्या दुचाकीस्वारांचा नेहमीचा मार्ग मावळातील सोमाटणे फाट्यावरून जातो.

पार्श्वभूमी

मोटारसायकलला जास्तीचे सामान लावण्याची पद्धत पर्यटनापेक्षा जुनी आहे. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवता यावेत म्हणून दूधव्यावसायिक राजदूत, बुलेट यांसारख्या गाड्यांना गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी सांगाडा करून घेत असत. आज ‘सॅडल स्टे’ या नावाने विकली जाणारी वस्तू रचनेने त्याच सांगाड्याची भावंड आहे.

दीर्घकाळ भारतात दूरप्रवासासाठी स्वतंत्र मोटारसायकल तयार होत नव्हती. बुलेट किंवा येझदी घेऊन ती स्थानिक कारागिराकडून सजवून घेणे हाच मार्ग होता. रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’ २०१६मध्ये बाजारात आली. १५ लीटरची इंधनटाकी व सामान लावण्याच्या जागा तिच्यात मुळातच होत्या. त्यानंतर चाकण येथे बनणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर २०२०मध्ये आली. २०२१मध्ये बजाज ऑटोने डॉमिनार ४०० ही गाडी उंच विंडस्क्रीन, हातरक्षक, इंजिनाखालील बॅश प्लेट, कॅरिअर, पाठटेक व यूएसबी चार्जर यांसह कारखान्यातूनच देण्यास सुरुवात केली. पूर्वी दुकानात बसवले जाणारे भाग अशा रीतीने उत्पादकाच्या मूळ रचनेत आले. कायद्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. दुचाकीस्वारांचा ‘इंडिया बाईक वीक’ हा २०१३पासून गोव्यात भरणारा मेळावा २०२१मध्ये लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅली येथे झाला.

मावळातील मार्ग

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे पुण्याहून मुंबई किंवा कोकणाकडे जाणारा दुचाकीस्वार जुन्या महामार्गाने देहूरोड, सोमाटणे फाटा, वडगाव, कामशेत, लोणावळा असा जातो आणि खंडाळ्यानंतर शिंग्रोबाच्या मंदिरावरून जाणाऱ्या जुन्या बोरघाटाने खोपोलीत उतरतो. लोणावळ्यास वर्षाला सरासरी ४,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. मावळच्या पूर्व भागात तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. सोमाटण्यापर्यंत कोरडे राहिलेले सामान तासाभरात भिजू शकते, म्हणून जलरोधक पिशव्या किंवा निदान आतले प्लास्टिकचे अस्तर हा या मार्गावरचा पहिला बदल मानावा लागेल. घाट उतरताना भारलेली गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाने वेग रोखणे आवश्यक असते, कारण सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात व त्यांची पकड घटते.

भार व सामान

दूरप्रवासाच्या गाडीत बिघडते ते बहुधा वजनाचे गणित. धातूच्या दोन पॅनिअर पेट्या व त्यांचा सांगाडा यांचेच वजन १५ ते २० किलो भरते, म्हणजे सामान ठेवण्यापूर्वीच उत्पादकाने ठरवून दिलेल्या भारमर्यादेचा काही वाटा संपलेला असतो. कापडी पॅनिअर हलक्या असतात व पडल्यावर पाय अडकण्याचा धोका त्यांत कमी असतो. मात्र त्यांना कुलूप लावता येत नाही.

वजन किती यापेक्षा ते कोठे आहे हे कित्येकदा अधिक निर्णायक ठरते. दोन चाकांतील अंतर सुमारे १.४५ मीटर असलेल्या गाडीत १५ किलोची पेटी मागच्या आसाच्या ३० सेंटिमीटर मागे बसवली, तर मागच्या चाकावर सुमारे १८ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकावरील भार सुमारे ३ किलोने घटतो. पुढचे चाक हलके झाले की वेगात हँडल थरथरते आणि वळणावर पकड कमी होते. म्हणून हत्यारे, सुटे भाग, पाणी अशा जड वस्तू खाली व शक्य तितक्या पुढे, तर कपडे व झोपण्याची पिशवी वर ठेवतात. दोन्ही बाजूंचे वजन सारखे राखले जाते. यानंतर मागील शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा प्रीलोड वाढवावा लागतो. तो न वाढवल्यास गाडी मागे बसते, हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. टायरमधील हवाही उत्पादकाच्या तक्त्यातील भारित आकड्याप्रमाणे भरली जाते.

बैठक व हँडल

सीटचा फोम बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयोगी बदल आहे. मऊ फोम दुकानात सुखाचा वाटतो, परंतु दोन तासांत तो दबून हाडांवर भार येतो. त्यामुळे अनुभवी कारागीर घट्ट फोमवर पातळ मऊ थर देतात. हँडल उंच केल्यास ते दोन्ही टोकांपर्यंत वळवून क्लच व थ्रॉटलच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हे तपासावे लागते.

विद्युतयंत्रणा

प्रत्येक २० वॅटचे दोन जादा एलईडी दिवे १२ व्होल्टच्या यंत्रणेतून सुमारे ३.३ अँपिअर प्रवाह घेतात. त्यांना स्वतंत्र फ्यूज व रिले न देता मूळ स्विचच्या तारेवर जोडल्यास तार तापून वितळण्याचा धोका असतो. जादा दिवे, चार्जर, तापणाऱ्या मुठी यांची एकत्रित मागणी अल्टरनेटरच्या शिल्लक क्षमतेपेक्षा जास्त झाली की बॅटरी चालत्या गाडीत उतरते. हँडलवर लावलेल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाचे सूक्ष्म भाग इंजिनाच्या कंपनांनी बिघडू शकतात. अ‍ॅपल कंपनीने २०२१मध्ये तशी सूचना दिली होती. यासाठी कंपनरोधक धारक वापरतात.

चाके, चेन व सुटे भाग

ट्यूबलेस टायरचे पंक्चर रस्त्याकडेला काही मिनिटांत निघते. आऱ्यांच्या ट्यूब असलेल्या चाकासाठी चाक काढण्याची हत्यारे व जादा ट्यूब सोबत लागते. मूळ मापापेक्षा वेगळ्या व्यासाचे चाक बसवल्यास वेगमापक चुकतो आणि एबीएसच्या संगणकाला चाकांच्या वेगाचे चुकीचे गुणोत्तर मिळते. जादा क्लच केबल मूळ केबलच्या शेजारीच टेपने बांधून ठेवण्याची जुनी युक्ती आजही प्रचलित आहे.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून हीच मर्यादा अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंजिन, चॅसिस, सायलेन्सर यांतील बदल या कक्षेत सहज येतात. काढता येण्याजोगी पिशवी किंवा मोबाइलधारक यांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. या दोहोंच्या मध्ये असलेल्या जादा दिवे व रुंद पेट्यांसारख्या वस्तूंबाबत मात्र रस्त्यावरील अधिकाऱ्याचे मत आणि दुकानदाराचे आश्वासन जुळेलच असे नाही, आणि दंड मालकालाच भरावा लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ सहप्रवाशासाठी पकडण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाक किमान निम्मे झाकणारे संरक्षण अनिवार्य करतो. पॅनिअरचा सांगाडा बसवताना ‘साडी गार्ड’ काढून टाकण्याची सर्रास पद्धत या नियमाच्या विरुद्ध आहे. २०२०च्या दुरुस्तीनुसार मोटारसायकलवरील हलक्या पेटीची लांबी ५५०, रुंदी ५१० व उंची ५०० मिलीमीटरपेक्षा जास्त नसावी. पेटी सहप्रवाशाच्या जागी असेल तर दुसरी व्यक्ती बसवता येत नाही.

सोमाटणे व मावळ तालुक्यातील वाहने पिंपरी-चिंचवड प्रादेशिक परिवहन कार्यालयात एमएच-१४ या मालिकेत नोंदवली जातात. मागील पेटीमुळे नंबरप्लेट किंवा लाल दिवा झाकला गेल्यास कारवाई होऊ शकते. जादा उपसाधनांची नोंद विमा कंपनीकडे करून वाढीव हप्ता न भरल्यास त्यांची भरपाई मिळत नाही. मूळ तारा कापून केलेली जोडणी आढळल्यास विद्युतयंत्रणेची वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.