यादीतले नाव

परदेशी राहून मताची किंमत कळते असे म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला इंजिनियर येतो, नाही तर आखातातला नोकरदार. डहाणू आणि तलासरीतूनही माणसे परदेशी पोहोचतात. फक्त ती तिकीट काढून जात नाहीत.

श्रोतेहो, या मुलखात मत सहज आलेले नाही. इंग्रजी अमलात १९३५ च्या कायद्याने मत मिळे ते सारा, कर किंवा शिक्षण पाहून. वारल्याकडे यातले काय होते? जमीन सावकाराची, अंगावर वेठ, आणि लग्नासाठी कर्ज काढले तर नवराबायको दोघेही लग्नगडी. स्वतःच्या गावात राहून तो परकाच होता. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले.

पुढे सहाच वर्षांनी, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, सावकार आणि त्याचा गडी एकाच रांगेत उभे राहू शकले. दोघांच्या मताचे मोल सारखेच होते. अक्षरओळख नसणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर चिन्ह. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये डहाणूतून लहानू कोम गेले. ते तर इथल्याच आदिवासींपैकी.

या वेठ मोडणाऱ्यांची नातवंडे आज पोटासाठी खलाशी होतात. पावसाळा सरता सरता ती वेरावळ, पोरबंदर, ओखा इथल्या बोटींवर चढतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर परततात. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली, की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. शिक्षा संपली तरी सुटका होतेच असे नाही. आधी तो भारतीय आहे याची खात्री व्हावी लागते.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जुलै २०२५ च्या पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते. सुटून आलेला एक खलाशी मला म्हणाला, "तिथं रोज हजेरी. नाव पुकारलं की हात वर करायचा. इथं मतदानालाही नाव पुकारतात. पण बोटाला शाई लावतात अन् घरी जा म्हणतात." दोन याद्यांमधला फरक याहून सोपा करून मला सांगता येणार नाही.

२०१० च्या कायदादुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना मतदारयादीत नाव नोंदवता येऊ लागले. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते. २०२४ च्या लोकसभेला अशा सुमारे १ लाख १९ हजार मतदारांपैकी फक्त २,९५८ आले. त्यातले २,६७० केरळचे. पदरचे पैसे खर्चून, रजा काढून ते आले, कारण आखातात कितीही वर्षे राबले तरी तिथले नागरिकत्व सहसा मिळत नाही. मत असलेच तर ते इथलेच.

खलाशाला तेवढीही सोय नाही. पालघर मतदारसंघात २०१९ चे मतदान २९ एप्रिलला झाले, २०२४ चे २० मेला. दोन्ही वेळा मासेमारीचा हंगाम चालूच होता.

म्हणून यादीची पडताळणी होते तेव्हा घर बंद दिसले, माणूस दिसला नाही, एवढ्यावरून नाव खोडले जाऊ नये, हे गावाने पाहायला हवे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० तेच सांगते: तात्पुरता बाहेर गेलेला माणूस गावचा रहिवासीच राहतो, आणि तुरुंगात ठेवला म्हणून तुरुंग हे त्याचे राहण्याचे ठिकाण ठरत नाही. कराचीत हजेरी देणाऱ्याचे घर डहाणूतच आहे. त्याचे नावही तिथल्याच यादीत राहिले पाहिजे.