चवदार तळे आणि नगरपालिकेचे दफ्तर

महाडचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. २० मार्च १९२७ चा दिवस, परिषदेच्या मंडपातून निघालेली शिस्तीची रांग आणि तळ्याच्या काठावर ओंजळीने पाणी पिणारे परमपूज्य बाबासाहेब. हे चित्र आपल्या विहारांच्या भिंतींवर आहे, घराघरात आहे, आणि ते तसेच राहावे. पण महाडची लढाई त्या एका दिवसात सुरू झाली नाही आणि त्या दिवशी संपलीही नाही. त्याआधी तीन वर्षे ती नगरपालिकेच्या ठरावबुकात पडून होती आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे कोर्टकचेऱ्यांच्या दफ्तरात चालली. या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम त्या दफ्तराच्या बाजूने लिहावयाचे ठरविले. जयंतीच्या भाषणांतून ही बाजू बहुधा राहूनच जाते. भाषणाला रंग चढतो तो तळ्याच्या काठावर. ठराव आणि तारखा वाचून दाखवायला लागले की लोक जांभया देतात, हे आम्हालाही ठाऊक आहे.

सुरुवात मुंबईला झाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात एक ठराव आणला आणि तो मंजूर झाला. बोले हे भंडारी समाजातले पुढारी, ब्राह्मणेतर चळवळीतले कार्यकर्ते. त्यांच्या ठरावाचा आशय असा की, सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने हे सर्व अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत.

या ठरावातला एक मुद्दा वाचकांनी नीट पाहावा. बोल्यांनी धर्माचा वाद घातला नाही. शिवल्याने विटाळ होतो की होत नाही, शास्त्र काय सांगते, यात ते शिरलेच नाहीत. त्यांनी विचारले ते एवढेच, की हा खर्च कोणाच्या पैशातून होतो? सार्वजनिक पैशातून होत असेल तर ती वस्तू सार्वजनिक. आज आपण ग्रामसभेत उठून सरपंचाला जो प्रश्न विचारतो तोच हा प्रश्न, फक्त १९२३ सालचा. धर्माच्या प्रश्नाला हजार फाटे फुटतात; पैशाच्या प्रश्नाला वहीतली नोंद दाखवावी लागते.

सरकारने ११ सप्टेंबर १९२३ ला या ठरावाची अंमलबजावणी करण्याबद्दल आपल्या खातेप्रमुखांना कळविले. पुढे जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. महाडमध्ये सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारक मंडळी नगरपालिकेच्या कारभारात होती, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

ठराव झाला. आणि पुढे? पुढे काहीच नाही. तीन वर्षे एकाही अस्पृश्य माणसाला त्या तळ्यावर जाता आले नाही. मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरीत होते, गुरेढोरे पाणी पीत होती, आणि ठराव प्रोसिडिंगमध्ये झोपला होता. नुसता ठराव करून पाणी काय तोंडात पडते होय? तळ्याभोवती सवर्णांची घरे. खाली उतरणाऱ्याच्या पाठीशी ना पोलीस, ना पालिकेचा शिपाई. शिवाय त्या काळी मताचा हक्क पट्टी आणि मालमत्ता यांच्यावर अवलंबून. ज्याच्यासाठी ठराव केला त्याचे मत नाही, आणि ज्याला तो ठराव नको होता त्याच्या मतावर सभासद निवडून यायचे. मग जाब विचारणार कोण?

अशी अवस्था एकट्या महाडची नव्हती. म्हणून बोल्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी कौन्सिलात दुसरा ठराव आणला की, ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. पहिल्या ठरावाने मालकी विचारली, दुसऱ्याने तिजोरीला हात घातला. आमच्या मते या दुसऱ्या ठरावाला आपल्या इतिहासलेखनात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

मार्च १९२७ च्या परिषदेचा वृत्तान्त सर्वांना तोंडपाठ आहे, म्हणून तो पुन्हा लिहीत नाही. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी त्यासाठी घेतलेले कष्ट, वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी उठविलेली कंडी, जेवणावर बसलेल्या माणसांवर झालेला हल्ला, नंतर १०८ घागरींनी केलेले तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण, हे सारे ठिकठिकाणी छापलेले आहे. सांगावयाचे ते एवढेच, की त्या दिवशी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्यात उतरली ती नवा हक्क मागण्यासाठी नव्हे. नगरपालिकेनेच लिहून दिलेला हक्क त्यांनी वापरला. लेखी हुकमाची अंमलबजावणी हुकूम देणाऱ्याने केली नाही, ती लोकांनी केली. असा या घटनेचा सरळ अर्थ आम्ही लावतो.

नगरपालिकेला हे झेपले नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जी संस्था ठराव करते ती तो रद्दही करू शकते, हा धडा त्या दिवशी मिळाला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा महाडच्या काही सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ ला दिवाणी कोर्टात दावा लावला. बाबासाहेबांसह पाच जण प्रतिवादी. तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी ते कधीही वापरलेले नाही, अशी पूर्वापार वहिवाट आहे, सबब त्यांना मनाई करावी, अशी मागणी. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. सत्याग्रहासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबत मात्र बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब ठेवला आणि मोठी मिरवणूक तळ्याभोवतीच्या रस्त्याने फिरवून परत आणली. प्राणाची तयारी करून आलेल्या हजारो माणसांना परत फिरविणे सोपे नव्हते. पुष्कळांना ते रुचलेही नाही. पण मनाई हुकूम हा कागद होता, आणि कागदाशी कागदानेच लढावयाचे असे त्यांनी ठरविले होते.

फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल लागावयास ८ जून १९३१ उजाडले, आणि तो वादींच्या विरुद्ध गेला. वादींनी ठाण्याला अपील केले, ते १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड यांच्या पुढे चाललेल्या दुसऱ्या अपिलाचा निकाल लागला आणि तेही फेटाळले गेले. दहा वर्षांत तीन कोर्टे, आणि तिन्ही ठिकाणी वादी हरले.

निकालाच्या पोटात शिरले म्हणजे दफ्तराची किंमत कळते. तळे किती जुने? अडीचशे वर्षांहून कमी नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य. कोणी खणले? पुरावा नाही. क्षेत्र चार-पाच एकर, सभोवार नगरपालिकेचे रस्ते. वादींचा सारा भर ‘पूर्वापार’ या एका शब्दावर. पण पूर्वापार म्हणजे कधीपासून, हे कोर्टात सिद्ध करावे लागते. साक्षीदारांच्या तोंडच्या आठवणी काही दशकांपलीकडे जाईनात. शेवटी वहिवाट अनादि असल्याचे शाबीत झाले नाही असे हायकोर्टाने ठरविले. हजारो वर्षांची म्हणून जी रूढी मिरविली जात होती, तिच्याजवळ दाखवायला एक कागद नव्हता.

आमच्या विहारात आठवड्यातून एकदा वाचन चालते. एका पावसाळ्यात या निकालाचे मराठीतून वाचन केले. एका ज्येष्ठ उपासिकेने मध्येच विचारले, ‘मग बाबासाहेब दहा वर्षं हेच सिद्ध करत होते का, की तळं सगळ्यांचं आहे?’ उत्तर होय असेच द्यावे लागले. परदेशातल्या दोन विद्यापीठांच्या पदव्या आणि बॅरिस्टरी घेऊन आलेल्या माणसाला, सार्वजनिक तळे सार्वजनिक आहे एवढे ठरवून घ्यायला दहा वर्षे लागली.

स्थानिक संस्थांकडे बाबासाहेब नेहमी संशयाने पाहत असत, त्यामागे हा अनुभव आहे. १९२८ साली सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीवर ते सभासद होते. कमिटीचा अहवाल १९३० ला आला आणि हक्क बजावू पाहणाऱ्यांवर सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे चालविले जाते ते त्यात नोंदले गेले. पुढे १९३२ मध्ये कौन्सिलात ग्रामपंचायत बिल आले. त्याला त्यांनी विरोध केला, राखीव प्रतिनिधित्वाची मागणी केली, आणि पंचायतीच्या हाती न्यायदानाचे अधिकार देऊ नयेत असे बजावले. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याविषयी त्यांनी काढलेले कडक उद्गार प्रसिद्धच आहेत. काही विद्वान यावरून बाबासाहेबांना लोकशाहीच्या विकेंद्रीकरणाचे शत्रू ठरवितात. आम्हाला ते पटत नाही. ज्याच्यावर कोणाची देखरेख नाही असा गावकारभार त्यांना नको होता. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा, स्त्रियांना निदान एक तृतीयांश जागा आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. १९३२ च्या बिलात जे नव्हते त्यापैकी बरेच साठ वर्षांनी आले.

तरीही एक गोष्ट उरलीच होती. खुर्चीवर आपला माणूस बसला तरी कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. महाडच्या वेळी कागद कोर्टापुढे आला तो दावा लागला म्हणून. दाव्याशिवाय सामान्य माणसाला सरकारी वही पाहण्याचा हक्क नव्हता, आणि स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे तो नव्हता. ही कोंडी फुटली राजस्थानात. राजसमंद जिल्ह्यातल्या भीम नावाच्या गावी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. दुष्काळी कामावरच्या मजुरांना पुरती मजुरी मिळेना; विचारले तर साहेब म्हणायचा, मस्टरवर काम तेवढेच लिहिले आहे. मग मस्टर दाखवा! २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावी पहिली जनसुनवाई झाली. भरगावात कागद मोठ्याने वाचले गेले आणि मेलेल्या, गाव सोडून गेलेल्या माणसांची नावे मजुरीच्या यादीत निघाली. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्यांची घोषणा. बोल्यांच्या ठरावातला मुद्दा याहून निराळा कुठे होता?

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये आला आणि देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पुरता लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही माफ. तीस दिवसांत उत्तर. न दिल्यास पहिले अपील, मग आयोगाकडे दुसरे. नुसती प्रत नव्हे, तर काम आणि दफ्तर डोळ्यांनी पाहण्याचाही हक्क त्यात आहे. पण ४ ऑगस्ट १९२७ विसरू नये. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा करताना माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि व्यक्तिगत माहिती या नावाखाली नकार देण्याची वाट रुंद केली. कोट किरान्याला जे उघडे पडले ते नावांमुळेच पडले, हे ज्यांना आठवते त्यांना या बदलाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

आमच्या वस्तीतला एक लहानसा अनुभव सांगतो. गटाराचे काम झाल्याचे कागदावर होते. प्रत्यक्षात गटार सार्वजनिक नळापाशी संपलेले. विहारातल्या मुलांनी अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयक यांच्या साक्षांकित प्रती मागितल्या. तीस दिवस गेले, उत्तर नाही. पहिले अपील केले तेव्हा प्रती मिळाल्या. मग एका रविवारी पंचवीस-तीस बायामाणसे फीत घेऊन बाहेर पडली. एक मुलगी मोजमाप पुस्तिकेतले आकडे मोठ्याने वाचत होती, बाकीचे फीत धरून. नळाच्या पुढे फीत धरायला जागाच नव्हती. मोजणीचा कागद सर्वांच्या सह्या-अंगठ्यांसह कचेरीत दिला आणि पोच घेतली. पावसाळ्याआधी उरलेला तुकडा बांधून झाला. आधी निघालेल्या बिलाचे काय केले, याचे पत्र अजून आलेले नाही. त्यासाठी दुसरे अपील आयोगाकडे दाखल आहे; त्याची पोच, मोजणीचा कागद आणि प्रती विहाराच्या कपाटात फाइल करून ठेवल्या आहेत. ज्यांना आपल्या वस्तीसाठी असा अर्ज लिहावयाचा असेल त्यांनी वाचनाच्या दिवशी येऊन ती फाइल पाहावी.