तुरुंगातील मुले आणि याचिकाकर्तीविना चाललेली याचिका

१/ १९८० च्या दशकात भारतातील तुरुंगांत १६ वर्षांखालील मुलेही होती. जामिनाला पैसा नाही, बाजू मांडायला वकील नाही, खटला केव्हा उभा राहील याचा पत्ता नाही. या मुलांसाठी न्यायालयाचे दार ठोठावले ते मुंबईच्या एका पत्रकाराने.

२/ शीला बारसे यांना तुरुंगाचे वास्तव परिचित होते. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांनी १५ स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निर्णय दिला.

३/ मुलांसाठी कायदे नव्हते असे नाही. मद्रास इलाख्यात १९२० मध्ये, तर मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालकांचे कायदे झाले होते. परंतु राज्यागणिक कायदा निराळा; कुठे तो संमत होऊनही अमलात आलेला नव्हता.

४/ बारसे यांच्या नव्या याचिकेची मागणी साधी होती : किती मुले तुरुंगांत आहेत ते मोजा, त्यांना सोडा, त्यांना वकील द्या.

५/ ऑगस्ट १९८६. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने आदेश दिले. प्रत्येक तुरुंगात दर आठवड्याला २ वकील जावेत. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मुलाविरुद्धचा तपास ३ महिन्यांत संपावा, अन्यथा प्रकरण बंद समजावे. शिवाय संसदेने देशभरासाठी एकच कायदा करावा.

६/ त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम संमत केला. १६ वर्षांखालील मुलगा वा १८ वर्षांखालील मुलगी यांना तुरुंगात ठेवण्यास त्याने मनाई केली.

७/ आदेश निघाले, पण अंमलबजावणी रेंगाळली. या दिरंगाईने उद्विग्न होऊन बारसे यांनी १९८८ मध्ये याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयाने ती नाकारली. बारसे यांचे नाव वगळण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडे काम सोपवून सुनावणी पुढे चालली.

८/ या नकाराला दोन बाजू आहेत. ज्यांनी मुलांचा प्रश्न न्यायालयापुढे आणला, त्यांनाच बाजूला व्हावे लागले. मात्र त्याच वेळी एक तत्त्वही ठरले : जनहित याचिका ती दाखल करणाऱ्याच्या मालकीची नसते. पत्रकार थकू शकते, वकील बदलू शकतो. गजाआडच्या मुलाचा हक्क त्यामुळे संपत नाही.