सुफियाना दस्तरखान

रावेरसारख्या गावातल्या मुस्लिम घरात पाहुणा जेवायला यायचा आहे आणि तो मटण-अंडं तर नाहीच, पण दूध, दही, तूप, मधही खात नाही असं कळलं, की स्वयंपाकघरात पहिला प्रश्न उठतो: मग याला वाढायचं काय? दुसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण तो असतोच. गोश्त नसलेल्या जेवणाला दावत म्हणायचं का?

पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आपली मुलं हल्ली असे 'व्हीगन' मित्र सुटीत घरी आणतात. सोबत एखादा जैन मित्र असला तर कांदा, लसूण, बटाटाही बाद. आणि सावदा-फैजपूर पट्ट्यातले स्वामीनारायण पंथाचे शेजारी कांदा-लसणाशिवायचं जेवण कित्येक पिढ्या जेवत आलेत. तरीही आपल्याकडे या सगळ्याकडे 'शहरी नखरे' म्हणून पाहिलं जातं. मला हे पटत नाही. आपल्या इतिहासात अशा पाहुण्यांची आणि यजमानांची मोठी रांग आहे. तिची आठवण आपण ठेवली नाही, इतकंच.

व्हीगन हा शब्द नवा आहे. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी तो घडवला. पण त्याच्या नऊशे वर्षं आधी सीरियातल्या मअर्रा गावी अबुल अला अल-मअर्री हा आंधळा अरबी कवी (973–1057) मांस, दूध, अंडी आणि मधसुद्धा वर्ज्य करून बसला होता. दूध हे पिलाचं आणि मध मधमाशीच्या कष्टाचा, तो आपण का घ्यावा, हा त्याचा मुद्दा. अल-मुअय्यद शिराजी या इस्माइली विद्वानानं त्याला पत्रं लिहून याचा जाब विचारला. अल्लाहनं जे हलाल केलं ते तू का सोडतोस, असा त्या वादाचा रोख होता. मअर्रीनं उत्तरात जनावरांच्या दुःखाबद्दल लिहिलं आणि आपल्या तुटपुंज्या उत्पन्नाचीही कैफियत मांडली. मअर्रीच्या अकिद्याबद्दल उलेमांनी बरंच लिहिलंय, त्यात मी शिरत नाही. पण 'व्हीगन' ही कल्पना मुसलमानांना परकी आहे, असं म्हणणाऱ्यानं आधी त्याची पत्रं चाळावीत.

मअर्री अपवाद होता हे मान्य. म्हणून अपवाद नसलेल्या, प्रत्येक मुसलमानाला जवळच्या घरात जाऊ. सन 622. हिजरत करून प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले आणि हजरत अबू अय्यूब अन्सारी यांच्या घरी उतरले. अबू अय्यूब रोज त्यांच्याकडे जेवण पाठवत आणि उरलेलं ताट परत आलं की प्रेषितांची बोटं जिथे लागली तिथूनच बरकत म्हणून खात. एके दिवशी ताट आलं तसं परत गेलं. त्यात लसूण होता. अबू अय्यूब घाबरून धावत आले: लसूण हराम आहे का? उत्तर मिळालं, नाही, पण मला तो आवडत नाही. मग जे तुम्हाला नावडतं ते मलाही नावडतं, असं म्हणून अबू अय्यूब मोकळे झाले. हदीसच्या 'सहीह मुस्लिम' या संग्रहात ही हकिगत आहे. यात मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पाहुण्यानं आपल्या नावडीला हरामचा शिक्का मारला नाही. आणि यजमानानं कारणांची झडती न घेता ती नावड आपलीशी केली. कांदा-लसूण न खाणाऱ्या शेजाऱ्याला जेवू घालताना कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी मदिनेतलं हे घर आठवायला हरकत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. रावेरहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पुढचं मोठं गाव बऱ्हाणपूर, म्हणजे फारुकी सुलतानांची राजधानी. खानदेशाचा राजकारभार दोनशे वर्षं तिथूनच चालला. 1600 साली अकबर स्वतः बऱ्हाणपुरात येऊन बसला आणि जानेवारी 1601 मध्ये असीरगड पडल्यावर खानदेश मोगलांचा सुभा झाला. या मोहिमेत अबुल फज्लही होता. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त या सुभ्याचं वर्णन आहे: इथलं मुख्य पीक ज्वारी, काही ठिकाणी वर्षात तीनदा येणारी, आणि तिचं ताट इतकं गोड की लोक ते फळासारखं खातात.

याच ग्रंथात शाही मुदपाकखान्याचा हिशेब आहे. अबुल फज्ल पदार्थांचे तीन वर्ग करतो. दुसऱ्या वर्गात मांस आणि तांदूळ एकत्र, तिसऱ्यात मांस आणि मसाले. पहिला वर्ग बिनमांसाचा, आणि त्याचं नाव 'सुफियाना'. या शब्दावर मी बराच वेळ थांबलो. फारसी लिहिणाऱ्या दरबारी माणसाला मांसाविना जेवणासाठी शब्द हवा होता, तेव्हा त्याला सूफी आठवला. यात नवल नाही. अजमेरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींचे मुरीद शेख हमीदुद्दीन नागौरी तेराव्या शतकात नागौरजवळच्या खेड्यात बिघाभर शेती कसून राहत, मांस खात नसत, आणि आपल्या मागे आपल्या नावानं मांस वाटू नका असं सांगून गेले.

अकबरानं आधी शुक्रवारी मांस बंद केलं, मग रविवारी, मग आपल्या जन्माचा अबान महिना, असं करत करत वर्षातले बरेच दिवस सुफियाना झाले. त्या यादीत जर्द बिरिंज आहे, खिचडी आहे, साग आहे आणि बादिंजान, म्हणजे आपलं वांगंही आहे. दहा शेर वांग्यांना दीड शेर तूप, पावणेचार शेर कांदा, आलं, लिंबाचा रस, मिरी, धणे, लवंग, वेलदोडे, हिंग. लाल मिरची नाही, कारण ती अजून उत्तरेच्या स्वयंपाकात रुळली नव्हती. खिचडीचं प्रमाण तर ऐकण्यासारखं: तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर! बादशाहचं सुफियाना आजच्या व्हीगन पाहुण्यासमोर ठेवलं तर तो खुश्क्यापाशी थांबेल. खुश्का म्हणजे नुसता भात आणि मीठ. खरी अडचण मांसाची नाहीच, तुपाची आहे, हे चारशे वर्षांपूर्वीच्या या हिशेबावरून दिसतं.

1583 साली जैन आचार्य हीरविजय सूरी गुजरातेतून पायी चालत फतेहपूर सिक्रीला आले. त्यांना मेजवानी देणं बादशाहलाही शक्य नव्हतं. जैन साधू त्यांच्यासाठी म्हणून रांधलेलं अन्न घेतच नाहीत. गृहस्थानं स्वतःसाठी केलेल्यातलं थोडं भिक्षा म्हणून घेतात. त्यांच्या विनंतीवरून अकबरानं पर्युषणाच्या दिवसांत प्राण्यांच्या कत्तलीवर बंदीचं फर्मान काढलं. अकबराच्या या कामाचं आपल्याकडे सरसकट कौतुक होतं. मी ते अर्धंच करतो. स्वतःच्या ताटातून मांस काढणं वेगळं आणि फर्मान काढून दुसऱ्याच्या ताटातून काढणं वेगळं. मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू होऊन बैलही त्यात आला, त्यानंतर कसाई आणि कातड्याचा धंदा करणाऱ्यांवर काय वेळ आली हे खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको. पाहुण्याचा परहेज आणि सत्तेची बंदी यांची आपण गल्लत करतो. शाकाहारी पाहुण्याबद्दल आपल्या घरात जी अढी असते, तिचं एक मूळ इथे आहे. पण तो राग त्या पाहुण्यावर काढणं चूक आहे.

ही गल्लत न होता पंगत कशी मांडता येते, याचं उदाहरण गांधीजींच्या चरित्रात आहे. 1910 साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाला. सत्याग्रहींच्या कुटुंबांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी सगळेच होते. गांधीजी स्वतः कडवे शाकाहारी. तरी त्यांनी ठरवलं, की मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांनी गोमांस मागितलं तर ते द्यावंच लागेल. त्यांनी तसं विचारलंही. आणि त्या कुटुंबांनी आपण होऊन सगळ्यांची एकच शाकाहारी चूल मान्य केली. आधी विचारलं म्हणून ते मिळालं, असं मला वाटतं.

पुढे रमजान आला. फार्मवरच्या मुस्लिम मुलांना गांधीजींनी रोजे ठेवायला प्रोत्साहन दिलं, आणि हिंदू, पारशी, ख्रिस्ती मुलांनीही त्यांच्यासोबत दिवसभराचा उपास धरला; त्यांना पाणी चालत होतं इतकंच. इतर मुलं सूर्यास्ताआधी जेवून घेत आणि मग मुसलमान मित्रांसाठी काही खास रांधून त्यांना वाढत. मांसाची आठवण त्या मुलांना येत असणार, पण त्यांनी ती कधी कळू दिली नाही, असं गांधीजींनी आत्मकथेत कृतज्ञतेनं नोंदवलंय. शाकाहाराच्या बाजूनं लिहिणाऱ्या फार थोड्या लोकांनी दुसऱ्याचा त्याग असा मान्य केलाय.

याच फार्मवर 1912 मध्ये गांधीजींनी दूध सोडलं. भारतात आल्यावर 1915 मध्ये कलकत्त्यात भूपेंद्रनाथ बसूंच्या घरी त्यांचा मुक्काम झाला. तेव्हा ते फक्त फळं आणि सुकामेवा खात. घरातल्या बायका रात्रभर जागून सुकामेवा सोलत बसल्या. हे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी चोवीस तासांत पाचच जिन्नस खायचं आणि अंधार पडल्यावर खायचं नाही असं व्रत घेतलं. एक कारण त्यांनी स्पष्ट सांगितलं: यजमानांना आपला त्रास कमी व्हावा. पथ्य पाळणाऱ्या पाहुण्यानं यजमानाच्या घरातल्या बाईचा विचार केल्याची ही नोंद मला दूध सोडण्याच्या व्रतापेक्षा मोठी वाटते. ते व्रत पुढे आजारपणात, 1919 मध्ये, शेळीच्या दुधापुरतं मोडलं.

डिसेंबर 1936 मध्ये गांधीजी आपल्या शेजारी फैजपूरला आले. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची, आणि राबणाऱ्यांत रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांचा प्रचार तेव्हा जोरात होता. वर्ध्याच्या मगनवाडीत 1935 मध्ये सोयाबीन खाण्याचे प्रयोगही झाले होते. आज महागड्या दुकानांत 'व्हीगन' म्हणून मिळणारा माल तेव्हा ग्रामोद्योग या नावानं ओळखला जायचा.

खानदेशी शेतमजुराला, मग तो हिंदू असो, तडवी असो की मुसलमान, हे शिकवावं लागत नव्हतं. तूप सणाला आणि दूध विकायला, हाच घरोघरचा हिशेब. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलं की कळणा. त्याची भाकरी, घोटलेली उडदाची डाळ, ठेचा आणि वरून कच्चं तेल. यात जनावराचं काही नाही. भरिताची हिरवी वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, मग तेलात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे. (या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, जळगावच्या केळीबरोबरच.) शेवभाजीतली शेव बेसन आणि तेलाची, रस्सा सुक्या खोबऱ्याचा.

आणि दख्खनी मुसलमानांचं खास असं काही हवं असेल तर बघारे बैंगन आणि खट्टा आहेतच. उत्तरेकडचा रस्सा दह्या-तुपावर दाट होतो, आपला शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि चिंचेवर. म्हणून दिल्ली-लखनौच्या खानसाम्याला व्हीगन पाहुण्यासाठी पाककृती बदलावी लागेल, ती आपल्या नानीला बदलावी लागत नाही.

काळजी घ्यायची ती दोन ठिकाणी. एक, भाकरीवर किंवा भातावर प्रेमानं गुपचूप सोडलेलं तूप. 'एवढ्यानं काय होतं' हे वाक्य आपणच लग्नात मिठाईतल्या जिलेटिनची चौकशी करताना ऐकलेलं असतं आणि तेव्हा ते आपल्याला आवडलेलं नसतं. दोन, जैन मित्र. भरीत करून मोकळं होता येत नाही, कारण बहुबीज म्हणून कित्येक जैन वांगंही खात नाहीत, आणि बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांचं पान मगरिबच्या अजानाआधीच मांडावं लागतं. त्यासाठी डाळ वेगळी शिजवायची गरज नाही. हळद-मीठ घालून एकाच पातेल्यात शिजवावी, त्यांच्यापुरती आधी बाजूला काढून तिला तेलात जिरं, हिंग आणि मिरचीची फोडणी द्यावी, आणि लसूण नंतर, उरलेल्या डाळीत. मागून रावेरची केळी.