यंत्रभरतकामात धागा का तुटतो? तपासणीचा योग्य क्रम

चतुर्थी जवळ आली की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरगुती शिवणकाम करणाऱ्यांकडे कामाची गर्दी होते. मखराचे पडदे, देवाची वस्त्रे, ब्लाउजवरील भरतकाम, मंडळांची नावे असलेले शर्ट अशी सर्व कामे एकाच वेळी येतात आणि ती ठरलेल्या दिवशी द्यावी लागतात. अशा वेळी यंत्रावरील धागा वारंवार तुटू लागला, तर नुकसान केवळ धाग्याचे होत नाही. समजा, २०,००० टाक्यांचे डिझाईन मिनिटाला ६०० टाके या गतीने भरले, तर सुमारे ३३ मिनिटे लागतात. त्यात दहा वेळा धागा तुटला आणि दर वेळी तीन मिनिटे गेली, तर जवळजवळ तेवढाच वेळ वाया जातो. शिवाय जोडाची खूण कापडावर दिसते, ती वेगळीच.

धागा तुटला की बहुतेकांचा हात प्रथम टेन्शनच्या चकतीकडे जातो. वास्तविक ती चकती शेवटी फिरवावी. त्याआधी धागा कोठे आणि कसा तुटला, हे पाहणे आवश्यक असते.

तुटलेले टोक काय सांगते?

टोक पिंजल्यासारखे झाले असेल, तर धागा सुईच्या नेढ्यात किंवा वाटेत कोठेतरी घासला जात आहे. टोक स्वच्छ कापल्यासारखे असेल, तर हूक, सुईखालची पट्टी किंवा धाग्याच्या वाटेतील कड्यावर धारदार ओरखडा असण्याची शक्यता असते. टोक ताणून पीळदार झाले असेल, तर ताण जास्त आहे किंवा धागा रिळाखाली अडकला आहे.

जागाही महत्त्वाची. डिझाईनच्या एकाच ठिकाणी धागा पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर दोष डिझाईनमध्ये असतो. अनेक सुयांच्या यंत्रावर एकाच सुईचा धागा तुटत असेल, तर ती सुई आणि तिची वाट तपासावी. सगळीकडेच तुटत असेल, तर हूक किंवा बॉबिनकडे वळावे.

सुई आणि धाग्याची वाट

भरतकामाच्या नेहमीच्या ४० क्रमांकाच्या धाग्याला ७५/११ ची सुई योग्य ठरते. सुई पूर्ण वर सरकवून बसवावी. घरगुती यंत्रात दांड्याची सपाट बाजू मागे, तर गोल दांड्याच्या सुईत लांब खाच समोर यावी. सुमारे आठ तासांच्या भरतकामानंतर सुई बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. घरगुती यंत्रात धागा ओवताना दाबपट्टी वर उचललेली असावी, अन्यथा धागा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही.

गोव्याची हवा

गोव्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि चतुर्थीचे कामही याच दमट दिवसांत होते. चमकदार रेयॉनचा धागा ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्मी होते; पॉलिस्टरवर ओलाव्याचा परिणाम नगण्य असतो. त्यामुळे पावसाळ्यात पॉलिस्टर वापरावा किंवा रेयॉनची रिळे झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. उन्हात राहिलेला जुना धागाही कमकुवत होतो. हाताने ओढताच तुटणारे रीळ बाजूला ठेवणेच बरे.

मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत खाऱ्या हवेने सुया आणि पट्टीला गंज चढतो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात रस्त्यालगतच्या घरांत येणारी बारीक लाल धूळ तेल आणि तंतूंत मिसळून हुकाजवळ साचते. दोन्हीकडे उपाय एकच: काम संपल्यावर यंत्र झाकावे, रोज ब्रशने हूक साफ करावा, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेथे तेलाचा एक थेंब द्यावा आणि आधी चिंधीवर टाके घालून पाहावेत.

ताण आणि बॉबिन

शिलाई यंत्राप्रमाणेच भरतकामाच्या यंत्राचा टाकाही वरचा आणि खालचा अशा दोन धाग्यांच्या गुंतणीतून तयार होतो. स्वित्झर्लंडमधील आयझाक ग्रोब्ली यांनी १८६३ मध्ये बनवलेल्या शिफली यंत्रातही हेच तत्त्व होते; त्यातील शटल लहान होडीच्या आकाराचे, म्हणून हे नाव. दोन धाग्यांचा तोल बिघडला की वरचा धागा ताणला जातो. रुंद भरीव पट्टी उलटून पाहिल्यास मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या धाग्याचा दिसावा. तो त्याहून अरुंद किंवा रुंद असेल, तरच चकती थोडी थोडी फिरवावी.

डिझाईन आणि देवनागरी अक्षरे

४० क्रमांकाच्या धाग्यासाठी टाक्यांच्या ओळींत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. मोठे डिझाईन टाक्यांची संख्या न बदलता लहान केले, की टाके दाटतात आणि सुई त्याच त्या जागी घुसत राहते. देवनागरी अक्षरांत हा धोका अधिक असतो, कारण शिरोरेषा आणि काना जेथे मिळतात, तेथे टाके एकावर एक येतात. डिझाईन करतानाच हा दुहेरी थर काढावा. पाच-सहा मिलिमीटरहून लहान अक्षरांसाठी ६० क्रमांकाचा बारीक धागा आणि ६५/९ ची सुई घ्यावी. रिंगमध्ये कापड घट्ट बसलेले आणि खाली योग्य कागद असावा. सैल कापड सुईबरोबर वर उचलले जाऊन धागा गुंततो.

जरीचे काम

देवाच्या वस्त्रांना आणि दशावतारी वेषांना जरी लागते. यंत्राच्या जरीत मधल्या धाग्याभोवती धातूचा मुलामा दिलेली पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि ती घासली की सोलते. येथे ९०/१४ ची मोठ्या नेढ्याची सुई, कमी ताण आणि मिनिटाला ४०० ते ५०० टाक्यांची गती ठेवावी. रीळ यंत्रापासून थोडे दूर ठेवल्यास जरीचा पीळ वाटेतच सुटतो.

धागा तुटल्यावर किंवा वीज गेल्यावर पाच ते दहा टाके मागे जाऊन काम पुन्हा सुरू करावे, म्हणजे जोड दिसत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत नोंद ठेवावी. एवढे करूनही धागा तुटत राहिला, तर सुई आणि हूक यांची जुळणी बिघडलेली असू शकते. ते काम तंत्रज्ञाचे आहे आणि श्रावणातील गर्दीपूर्वी, आषाढातच ते करून घेणे शहाणपणाचे.