कुंडी का पडली?

मागच्या शनिवारी रात्री बाल्कनीत धाडकन आवाज झाला. बघतो तर मनीप्लँटची कुंडी खाली आणि माझा हूक दोन तुकड्यांत. हा हूक मी मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर मोठ्या हौसेने काढला होता, आणि तोही साध्या प्लास्टिकचा नाही, कार्बन फायबरवाल्या फिलामेंटचा! आई शांतपणे म्हणाली, "बाजारात वीस रुपयांना मिळतो ना रे?" यावर काय बोलणार... तुटलेली जागा एकदम सपाट होती, सुरीने कापल्यासारखी. मग रविवारभर या फायबरची जन्मकुंडली काढत बसलो.

सुरुवात १९८८ मधली, अमेरिकेतली. स्कॉट क्रंप नावाचा इंजिनिअर लेकीसाठी खेळण्यातला बेडूक बनवत होता, ग्लू गनने थरावर थर देत. पुढच्या वर्षी त्याने बायकोबरोबर स्ट्रॅटॅसिस ही कंपनी काढली. १९९२ मध्ये मिळालेलं पेटंट २००९ मध्ये संपलं आणि रेपरॅपवाल्यांच्या कृपेने हा प्रिंटर हौशी मंडळींच्या टेबलावर आला.

दोष मात्र त्या बेडकाइतकाच जुना. गरम थर आधीच्या थंड झालेल्या थरावर पडतो, त्यामुळे दोघं नीट एकजीव होत नाहीत. थराच्या दिशेने ओढा, वस्तू टिकते. थर एकमेकांपासून ओढा, सुटते.

मग प्लास्टिकमध्ये फायबर घालावं, हा विचार आलाच. (गावाकडे भिंत लिंपायच्या मातीत भुस्सा कालवतात, त्यातलाच प्रकार.) एक वाट बारीक तुकडे मिसळायची. मला वाटायचं, हे सगळं ताकदीसाठी. पण टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेचं काम वाचलं आणि चाटच पडलो. प्लास्टिक थंड होताना आकसतं, वरचा थर खालच्याला ओढतो आणि कोपरे उचलले जातात. वस्तू जितकी मोठी तितकं हे जास्त. कार्बन फायबर मात्र तापमानाने फारसं हलत नाही. ते मिसळल्यावर मोठमोठ्या वस्तू बंद, गरम पेटीशिवाय, उघड्यावर छापता यायला लागल्या! सप्टेंबर २०१४ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकल मोटर्सने स्ट्राटी ही मोटार छापली ती याच जोरावर. छपाईला ४४ तास लागले (इथे फिलामेंट नव्हतं, प्लास्टिकचे दाणे होते), मग चाकं-मोटर बसवून गाडी चालवत बाहेर काढली. कंपनी २०२२ मध्ये बंद पडली, पण ते वेगळं.

दुसरी वाट सलग धाग्याची. ग्रेग मार्क रेसिंग कारचे कार्बन फायबरचे पंख बनवायचा, आणि त्यात हाताने थर लावायचं काम फार किचकट. जानेवारी २०१४ मध्ये त्याच्या मार्कफोर्ज्डने मार्क वन दाखवला. त्यात दोन नोझल, एकातून नायलॉन, दुसऱ्यातून अखंड फायबर. फायबरवर आधीच प्लास्टिकचा लेप असतो आणि हवं तिथे मशीनच ते कापतं. माझ्या मते खरी उडी ही. आयडाहोच्या कंटिन्युअस कंपोझिट्सचं म्हणणं पडलं की कल्पना आधी आमची. २०२१ मध्ये खटला, एप्रिल २०२४ मध्ये ज्यूरीचा कौल मार्कफोर्ज्डच्या विरोधात, भरपाई १ कोटी ७० लाख डॉलरच्या वर. त्याच वर्षी तडजोड झाली आणि २०२५ मध्ये मार्कफोर्ज्ड नॅनो डायमेन्शनने विकत घेतली.

आता माझा हूक. तुकडे असोत की सलग धागा, फायबर थराच्या आतच आडवं पडतं. एका थरातून वरच्या थरात जाणारं जवळपास काहीच नाही. तिथे शेवटी प्लास्टिकच प्लास्टिकला धरून असतं. मी हूक उभा छापला होता, म्हणजे कुंडीचं सगळं वजन नेमकं त्या सांध्यांवर. महागडं फायबर आडवं झोपून मजा बघत होतं :) वर मित्राचं पितळी नोझल घासून भोक मोठं झालं ते वेगळंच. कार्बन असं पितळ खातो, त्याला कडक पोलादी नोझल लागतं, हे मला आधी कोण सांगणार?

नवीन हूक आडवा झोपवून छापलाय, साध्या पीईटीजीचा. रविवार संध्याकाळपासून कुंडी त्यावर लटकतेय. आईने खाली जुनं पायपुसणं अंथरलंय.