रॅम विकत घेतली, पण पाकिटावर लिहिलंय तीच मिळाली का? घरच्या घरी असं तपासा

कॉम्प्युटर संथ चालायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. रॅमची पट्टी आणली जाते, कुणीतरी ती बसवून देतो, कॉम्प्युटर सुरू होतो आणि विषय तिथेच संपतो. पण पाकिटावर '१६ जीबी, डीडीआर४, ३२००' असं छापलेलं असलं, तरी आत तीच पट्टी असेल याची खात्री नसते. याच्या उलटही घडतं. पट्टी अस्सल असते, पण स्क्रीनवर ३२०० ऐवजी १६०० दिसतं आणि ग्राहक दुकानदाराशी भांडायला जातो.

म्हणूनच कोणता आकडा कुठे पाहायचा आणि त्याचा अर्थ काय, हे माहीत असायला हवं. ही तपासणी फुकट होते. फक्त ती वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी करायला हवी.

स्टिकरवर काय असतं?

पट्टी बसवण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचे आणि पाकिटाचे फोटो काढून ठेवा. स्टिकरवर सहसा क्षमता, पिढी (डीडीआर४ किंवा डीडीआर५), वेग आणि पार्ट नंबर असतो. वेग कधी '३२००' असा लिहितात, तर कधी 'पीसी४-२५६००' असा. दोन्हींचा अर्थ एकच. एका सेकंदात ३२० कोटी वेळा डेटाची देवाणघेवाण होते आणि दर वेळी ८ बाइट जातात. ३२०० गुणिले ८ म्हणजे २५,६०० मेगाबाइट प्रति सेकंद.

आधी क्षमता पाहा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडा. एकूण रॅम, तिचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत, हे सगळं तिथे दिसतं.

८ जीबीच्या जागी वापरण्याजोगी रॅम ७.४ जीबी दिसली तर घाबरू नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रीनवरच्या चित्रासाठी रॅमचाच थोडा हिस्सा राखून ठेवला जातो. तो 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' या नावाखाली दिसतो. जुनी ३२-बिट विंडोज असेल, तर कितीही रॅम बसवली तरी साधारणपणे ४ जीबीच्या पुढे ती वापरली जात नाही.

मात्र ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये ५९ जीबीच्या आसपास दिसतो, तसं रॅमचं होत नाही. पेनड्राइव्हचे कारखानदार १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज त्याहून थोडे जास्त धरते. रॅमची क्षमता दोन्हीकडे एकाच पद्धतीने मोजली जाते. त्यामुळे १६ जीबीच्या पट्टीची एकूण क्षमता १६ जीबीच दिसायला हवी.

वेग अर्धा का दिसतो?

सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम अनेक जण वापरतात. त्याच्या 'मेमरी' पानावर ३२००च्या पट्टीसाठी साधारण १६०० मेगाहर्ट्झ दिसतं. ही फसवणूक नाही. डीडीआर म्हणजे 'डबल डेटा रेट'. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला डेटा दोनदा जातो, म्हणून १६०० ठोक्यांचे ३२०० होतात. हा आकडा दुपटीने वाचायचा.

दुप्पट करूनही वेग कमी भरला, तर आधी तीन गोष्टी तपासा:

- एक्सएमपी बंद आहे का? ३६००ची पट्टी अनेकदा सुरुवातीला २१३३ किंवा २६६६ वरच चालते. जाहिरातीतला वेग मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करावं लागतं.
- प्रोसेसर किंवा मदरबोर्डची मर्यादा आहे का? उदाहरणार्थ, इंटेलच्या कोअर आय५-१०४०० या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २६६६ आहे.
- जुनी पट्टीही सोबत आहे का? दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र असल्या की दोन्ही सहसा कमी वेगाने चालतात.

पट्टीतल्या चिपमध्ये काय नोंदलंय?

प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. कारखान्यात तिच्यात पट्टीची क्षमता, वेग आणि पार्ट नंबर नोंदवलेला असतो. या नोंदीला एसपीडी म्हणतात. सीपीयू-झेडच्या 'एसपीडी' पानावर स्लॉट निवडला की ती वाचता येते. तिथला पार्ट नंबर स्टिकरवरच्या नंबराशी आणि कंपनीच्या वेबसाइटवरच्या माहितीशी जुळवून पाहा. अनेक पट्ट्यांमध्ये उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही नोंदलेलं असतं. 'नवीन' म्हणून विकलेल्या पट्टीवर पाच-सहा वर्षांपूर्वीची तारीख निघाली, तर विक्रेत्याला जाब विचारायला हवा.

पण ही नोंदही अंतिम पुरावा नाही, कारण एसपीडीमधली माहिती बदलता येते.

शेवटची चाचणी

म्हणून पट्टीवर प्रत्यक्ष ताण देऊन पाहायचं. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू होतो आणि रॅमच्या जवळपास प्रत्येक कप्प्यात माहिती लिहून ती परत वाचतो. त्याला काही तास लागतात, त्यामुळे रात्री लावून ठेवणं सोयीचं. चांगल्या पट्टीत एकही चूक निघता कामा नये. चूक निघालीच, तर एक्सएमपी बंद करून आणि स्लॉट बदलून पुन्हा चाचणी घ्या. तरीही चुका येत असतील, तर बहुधा दोष पट्टीतच आहे.

फरक आढळला तर?

बिल, पट्टीचे फोटो आणि चाचणीचे स्क्रीनशॉट जोडून विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. ईमेल किंवा ॲपमधली तक्रारही चालेल, फक्त तिची नोंद राहायला हवी. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. विक्रेता दुसऱ्या राज्यातला असला, तरी त्यासाठी तिकडे जावं लागत नाही.